सिस्टर गेल्या; आता कॉलेज कॅथलिक कशाच्या बळावर?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला नको. वसई पट्ट्यातलं अनुदानित पदवी महाविद्यालय, धर्मभगिनींच्या एका संघानं सुरू केलेलं. पूर्वी सात-आठ सिस्टर वर्गावर जायच्या, आज एकच उरल्या आहेत, त्याही व्यवस्थापक म्हणून. विद्यार्थ्यांत दहात एक कॅथलिक, प्राध्यापकांत त्याहून कमी. प्राचार्यांचं पद पुढच्या वर्षी रिकामं होतंय. तुम्ही उपप्राचार्या आहात, प्रापंचिक कॅथलिक आहात, म्हणजे धर्मभगिनी नाही. सकाळच्या प्रार्थनेवर दोन पालकांनी लेखी हरकत घेतली आणि त्याच महिन्यात संघाच्या प्रांताधिकारी सिस्टरांचं (संघाच्या इथल्या प्रमुखांचं) पत्र आलं की कॉलेजची कॅथलिक ओळख 'अधिक ठळक' करा. तुम्ही विचारताय, ठळक म्हणजे नेमकं काय करू? फाटकावर मोठा क्रूस लावू, की नाताळचा कार्यक्रम दोन दिवसांचा करू?

दोन्ही करा, बिघडणार काही नाही. पण प्रश्नही सुटणार नाही. पूर्वी ही ओळख वेगळी जपावी लागत नव्हती, कारण ती झगा घालून व्हरांड्यातून चालत होती. फी थकलेल्या मुलीला कोणतं दार वाजवायचं ते ठाऊक असायचं. नव्या प्राध्यापकाला 'आपल्याकडे असं करत नाहीत' हे सांगायला परिपत्रक लागत नव्हतं. सिस्टर कमी झाल्या तशी ही न लिहिलेली सगळी माहिती त्यांच्याबरोबर गेली आणि भिंतीवर तसबीर उरली. म्हणून खरा प्रश्न मला असा दिसतो: जे काम माणसं न सांगता करत होती, ते आता कागदपत्रं, नेमणुका, वेळापत्रक आणि अंदाजपत्रक यांत कसं उतरवायचं?

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधीच सांगतो. कॉलेज स्वायत्त आहे की विद्यापीठाचाच अभ्यासक्रम जसाच्या तसा शिकवतं, जमीन संघाच्या नावावर आहे की वेगळ्या ट्रस्टच्या, कॉलेज धर्मप्रांताचं (बिशपांच्या अखत्यारीतलं) आहे की धर्मसंघाचं, विनाअनुदानित तुकड्या किती आहेत, यावर पुढचा तपशील बदलेल. कायद्याचे मुद्दे मी कामापुरते सांगतोय. तुमची कागदपत्रं वकिलाला दाखवल्याशिवाय पाऊल उचलू नका.

चर्चची अपेक्षा काय आहे ते नीट वाचलेलं बरं, कारण 'ओळख' या शब्दाखाली जो तो आपापली आवड खपवतो. मूळ दस्तऐवज 'एक्स कॉर्दे एक्लेसिए', पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी कॅथलिक विद्यापीठांविषयी १५ ऑगस्ट १९९० रोजी दिलेला. त्यात कॅथलिक विद्यापीठाची चार लक्षणं आहेत: व्यक्तींसोबत सगळ्या विद्यापीठ-कुटुंबालाच ख्रिस्ती प्रेरणा असणं, वाढत्या मानवी ज्ञानावर श्रद्धेच्या प्रकाशात सतत चिंतन, चर्चमार्फत आलेल्या ख्रिस्ती संदेशाशी निष्ठा, आणि देवाच्या प्रजेची व साऱ्या मानवकुटुंबाची सेवा करण्याची संस्थेची बांधिलकी. यात मूर्ती, क्रूस, सणसमारंभ कुठे नाहीत. ते असू नयेत असं नाही, पण मोजमाप त्यांचं नाही. त्याच दस्तऐवजाच्या नियमांत दोन वाक्यं एकमेकांना धरून आहेत: कॅथलिक शिकवणुकीचा संस्थेच्या सर्व कामांवर प्रभाव असावा, आणि प्रत्येकाच्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण आदर राखला जावा. पालकांच्या हरकतीला उत्तर देताना हे दुसरं वाक्य तुमच्या बाजूचं आहे, विरुद्ध नाही.

याच नियमांतली एक गोष्ट आपल्याकडे अवघड पडते. बिगर-कॅथलिक अध्यापकांचं बहुमत होऊ देऊ नये, असं तिथं म्हटलं आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सगळे मिळून एक टक्क्याहूनही थोडे कमी भरले. त्यात कॅथलिक किती, त्यात नेट-सेट झालेले किती, आणि त्यातले रसायनशास्त्र शिकवणारे किती? शिवाय अनुदानित पदांची निवड पात्रता, जाहिरात आणि निवड समितीच्या चौकटीतच होते. हा आकडा गाठता येत नाही म्हणून सगळंच सोडून देणारे व्यवस्थापक असतात, आणि आकडा गाठण्यासाठी कमकुवत उमेदवार घेणारेही. दोघंही चूक करतात, पण दुसरी चूक तीस वर्षं पगार घेते. वाटेल ती किंमत देऊन बहुमत मिळवण्यापेक्षा ध्येय समजलेल्या माणसांचा एक घट्ट गाभा तयार करणं शक्य आहे. त्याकडे पुढे येतो.

आता कागद. हे काम रूक्ष आहे, म्हणून कुणी करत नाही, आणि संकट आलं की पहिली पडझड इथंच होते.

चार कागद शोधून एका फाईलमध्ये लावा: ट्रस्टची घटना आणि नोंदणी, जमिनीचे दस्त, अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र, आणि स्थापनेच्या वेळचा पत्रव्यवहार. शेवटचा कागद बहुतेकांना शोभेचा वाटतो. तो तसा नाही. राज्यघटनेच्या कलम ३०(१) नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. त्यातला 'स्थापन' हा शब्द सिद्ध करावा लागतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं चार विरुद्ध तीन अशा बहुमतानं जी कसोटी सांगितली, तिचा रोख हाच आहे: संस्थेची कल्पना कुणाची, हेतू कोणता, पैसा आणि जमीन कुणी उभी केली, अंमलबजावणी कुणी केली. म्हणजे पहिल्या सिस्टरांनी बिशपांना लिहिलेलं पत्र, सरकारकडे केलेला पहिला अर्ज, देणगीदारांच्या पावत्या, उद्घाटनाचं छापील भाषण, हे सगळं पुरावा आहे. वाळवी लागण्याआधी स्कॅन करा, मूळ प्रती लोखंडी कपाटात ठेवा आणि एक संच संघाच्या प्रांतिक कार्यालयात पाठवा. पत्रं जर्मन, फ्रेंच किंवा पोर्तुगीजमध्ये असतील तर भाषांतर करून घ्या.

ट्रस्टच्या घटनेत उद्देश काय लिहिलाय ते बघा. बऱ्याच ठिकाणी नुसतं 'शिक्षणाचा प्रसार' एवढंच असतं. ख्रिस्ती समाज, संघाचं नाव, संस्थापकांचा हेतू यांचा पत्ता नसतो. राष्ट्रीय अल्पसंख्याक शिक्षणसंस्था आयोगाच्या २००४ च्या कायद्यात कलम १२सी आहे. त्यानुसार प्रमाणपत्र दोन कारणांनी रद्द होऊ शकतं: घटना किंवा उद्देश असे बदलले की अल्पसंख्याक स्वरूप उरलं नाही, किंवा एखाद्या शैक्षणिक वर्षात नियमानं ठरलेल्या टक्केवारीनुसार त्या समाजाचे विद्यार्थी घेतले नाहीत. दुसरं कारण तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. दहात एक कॅथलिक हे प्रमाण मागणीच नसल्यामुळे आहे, की अल्पसंख्याक कोट्याची माहितीच पोहोचत नसल्यामुळे, याची नोंद दरवर्षी लेखी ठेवा: किती जागा राखल्या, किती अर्ज आले, किती प्रवेश झाले, उरलेल्या जागा कधी खुल्या केल्या. कोटा जाहीर करण्याची वेळ बारावीच्या निकालानंतरची नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या परिसरातल्या ख्रिस्ती वस्त्यांत) जा, आणि फक्त वसईच्या सधन धर्मग्रामांत थांबू नका. डहाणू-तलासरीकडच्या आदिवासी ख्रिस्ती मुली येतील, पण त्यांना राहायची सोय लागेल. वसतिगृहाचा प्रश्न सोडवल्याशिवाय त्यांना नुसतं बोलावू नका.

विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. धर्मसंघांत बदल्या होत राहतात. जुन्या सिस्टर केरळला गेल्या, नव्या आल्या, आणि धर्मादाय आयुक्तांच्या नोंदीत नाव मात्र जुनंच राहिलं, असं सर्रास होतं. पुढं जमिनीचा वाद झाला, कुणी भाडेकरार दाखवला, की सही करायला कायदेशीर विश्वस्तच नसतो. ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाड्यानं द्यायला कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागते, हेही तिथंच लिहून ठेवा. ओळखीच्या चर्चेत जमिनीचं काय काम, असं वाटेल. मैदान गेलेल्या कॉलेजला विचारा.

संघाची माणसं कमी होत जाणार हे गृहीत धरून अधिकारांची वाटणीही आत्ताच करा. अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठांना ही वेळ आपल्या आधी आली. १९६७ मध्ये सेंट लुइस विद्यापीठानं प्रापंचिकांचं बहुमत असलेलं नियामक मंडळ नेमलं. जॉर्जटाउनला २००१ मध्ये पहिले प्रापंचिक अध्यक्ष मिळाले. तिथून घेण्यासारखी व्यवस्था एकच आहे: रोजचा कारभार व्यापक मंडळाकडे, पण मोजक्या बाबींवर संघाचा राखीव अधिकार. उद्देशात बदल, मिळकतीची विक्री, प्राचार्यांची नेमणूक, संस्थेचं विलीनीकरण किंवा समाप्ती. एवढ्या चार पुरतात. यादी पंधरा बाबींची केलीत तर प्रापंचिक मंडळाला नुसतं शिक्का मारायचं काम उरतं आणि चांगली माणसं सोडून जातात.

प्राचार्यपद. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा निर्णय हाच आहे आणि त्याला वर्षही उरलेलं नाही. सेवाज्येष्ठतेनं जो पुढे असेल तोच प्राचार्य, ही समजूत अल्पसंख्याक महाविद्यालयांना लागू नाही. मलंकरा सीरियन कॅथलिक कॉलेजच्या खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अनुदान घेणाऱ्या अल्पसंख्याक संस्थेलाही आपल्या पसंतीचा पात्र प्राचार्य निवडता येतो. प्राचार्य निवडणं हा चालवण्याच्या हक्काचा महत्त्वाचा भाग आहे. पात्रता मात्र पूर्ण हवी, त्यात सवलत नाही. आणि हा हक्क सगळ्या नेमणुकांना असाच सरसकट लागू होतो असं धरून चालू नका. २०२० मध्ये पश्चिम बंगालच्या मदरशांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं आयोगामार्फत शिक्षक निवडीचा कायदा वैध ठरवला. म्हणून प्राचार्य निवडताना 'आमचा माणूस' एवढंच कारण पुरत नाही. निकष लिहून, जाहिरातीआधी विश्वस्तांच्या ठरावात घ्या.

निकषांत काय लिहाल? 'नियमित मिस्साला जाणारा' हे लिहू नका. ते खासगी आहे आणि सोंग आणण्याजोगंही. त्याऐवजी कामातून तपासता येईल असं लिहा: कमकुवत विद्यार्थ्यांसाठी यापूर्वी काय केलं, शिपायापासून विभागप्रमुखापर्यंत तक्रारी कशा हाताळल्या, चर्चची शिक्षणविषयक भूमिका दोन पानांत मांडू शकतो का. उमेदवार कॅथलिक असला तर चांगलंच. पण संघाच्या कामावर मनापासून विश्वास असलेली हिंदू विभागप्रमुख आणि पदासाठी बाप्तिस्म्याचा दाखला पुढे करणारा कॅथलिक, अशी निवड करायची वेळ आली तर मी पहिलीच्या बाजूनं मत देईन. हे मत सर्वांना पटेल असं नाही.

आता अध्यापक. सगळ्यात जास्त कस इथं लागतो. 'एक्स कॉर्दे' सांगतं की नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक अध्यापकाला संस्थेच्या कॅथलिक स्वरूपाची आणि त्यातून येणाऱ्या जबाबदारीची माहिती द्यावी. आपल्याकडे हे काम नेमणूकपत्राच्या शेवटच्या कलमावर सोडलेलं असतं, जे कुणी वाचत नाही. त्याऐवजी तीन टप्प्यांत करा.

मुलाखतीआधी दोन पानी टिपण पाठवा: संस्था कुणी आणि का काढली, इथं काय अपेक्षित आहे, आणि काय अपेक्षित नाही. धर्मांतर किंवा उपासनेला हजेरी अपेक्षित नाही, हे त्यात स्वच्छ लिहा. अर्धी धास्ती तिथंच संपते. मुलाखतीत धर्माविषयी एकही प्रश्न विचारू नका. एक प्रसंग द्या: पहिल्या पिढीची (घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली) विद्यार्थिनी सलग दोन सत्रं नापास झाली आहे, घरून लग्नाचा दबाव आहे, हजेरी ६० टक्के आहे, तुम्ही काय कराल? नियम सांगणारा, सहानुभूती दाखवून सोडून देणारा आणि दोन्ही सांभाळणारा उमेदवार पाच मिनिटांत वेगळे दिसतात.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात दोन अर्ध्या दिवसांचं परिचय सत्र घ्या, एका गटात बारा ते पंधरा जण. पहिलं दीड तास संस्थेच्या इतिहासाला: जुने फोटो, पहिल्या तुकडीचं रजिस्टर, फी माफीची जुनी वही. दुसरं दीड तास चर्चचा शिक्षणविचार. यात गरिबांना प्राधान्य, श्रमाची प्रतिष्ठा, निसर्गाची काळजी आणि सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य हे येऊ द्या, पण प्रवचन होऊ देऊ नका. तिसरं सत्र एखाद्या जुन्या बिगर-कॅथलिक प्राध्यापकाकडून घ्या, 'मी इथं पंचवीस वर्षं का राहिलो' या विषयावर. हे सत्र फादरांच्या भाषणापेक्षा जास्त काम करतं. सहा महिन्यांनी त्याच गटाला एक तास परत बोलवा आणि विचारा, आम्ही सांगितलं त्यापैकी काय खोटं निघालं? उत्तरं लिहून घ्या. इथं रागावलात तर पुढच्या वर्षापासून सगळे गोड बोलतील.

या गटांमधूनच गाभा तयार होतो. दरवर्षी दोघा-तिघांना पुढचं प्रशिक्षण द्या. जेजुइट (येशूसंघी धर्मगुरूंच्या) कॉलेजांत वापरली जाणारी इग्नेशियन अध्यापनपद्धती बघण्यासारखी आहे: संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती, मूल्यमापन असे तिचे पाच टप्पे. ती कोणत्याही धर्माचा अध्यापक कोणत्याही विषयाला लावू शकतो. तुमचा संघ जेजुइट नाही, त्यामुळे तुमच्या संस्थापिकेचा स्वतःचा विचार आधी शोधा. दुसऱ्याचा कोट अंगावर चढवला की बाह्या लांब होतात.

वेळापत्रकात जागा कुठे आहे? नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि समाज-सहभाग प्रकल्प यांना प्रत्येकी दोन श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. वर्गातल्या एका श्रेयांकाला १५ तास, क्षेत्रकार्याच्या एका श्रेयांकाला किमान ३० तास, म्हणजे समाज-सहभागाला ६० तास. बहुतेक कॉलेजं हे तास कसेबसे भरतात: एक स्वच्छता मोहीम, एक पथनाट्य, फोटो, अहवाल. इथंच तुमचं ध्येय बसवता येतं. ६० तास एकाच वस्तीत, एकाच आश्रमशाळेत किंवा एकाच वृद्धाश्रमात द्या. दर १५ तासांनी एक तासाची चिंतन-बैठक घ्या, ज्यात विद्यार्थी काय पाहिलं आणि त्याचं कारण काय वाटतं ते लिहितात. चिंतन गाळलं की ते श्रमदान उरतं. भारतीय ज्ञानप्रणालीत तर आपल्या मातीतलं ख्रिस्ती योगदान शिकवायला उघड संधी आहे. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, आणि ते मराठी ओवीत आहे; फादर हेरास यांनी १९२६ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये भारतीय इतिहासाची संशोधन संस्था सुरू केली. विद्यापीठाच्या चौकटीत बसेल असा तीस तासांचा अभ्यासक्रम मराठी आणि इतिहास विभागांनी मिळून आखावा. यात धर्मप्रचार शून्य आणि ओळख भरपूर.

एक सावधगिरी. मूल्यशिक्षणाच्या तासाला धर्मशिक्षण घुसडू नका. कलम २८(३) नुसार शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. तुमच्या सकाळच्या प्रार्थनेचं उत्तर याच कलमात आहे. मी असं करेन: प्रार्थना स्पीकरवरून सगळ्या वर्गांत लावणं थांबवायचं. सकाळी सर्वांसाठी एक मिनिट शांतता आणि संविधानाची उद्देशिका. २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनं शाळांसाठी दिलेल्या सूचनांतही उद्देशिकेचं वाचन आहे. त्याआधी दहा मिनिटं चॅपलमध्ये ज्याला यायचं त्याच्यासाठी ख्रिस्ती प्रार्थना, पूर्ण, न कापलेली. दोन पालकांना लेखी कळवा की हजेरी ऐच्छिक आहे आणि तिचा गुणांशी संबंध नाही. सर्वधर्म प्रार्थनेची भेळ करून कुणालाच न दुखवण्याचा मार्ग मला पटत नाही. तिच्यात कुणाचाच देव ओळखू येत नाही. सर्वधर्मीय सभा जरूर घ्या, वर्षातून दोनदा, पण जो तो आपल्या परंपरेतून स्वच्छ बोलेल अशी.

या सगळ्यात ज्यांचा विसर पडतो ते तुमचे दहा टक्के कॅथलिक विद्यार्थी. सर्वसमावेशक व्हायच्या नादात त्यांच्यासाठी काहीच उरत नाही, आणि वीस वर्षांच्या वयात श्रद्धेविषयी जे खरे प्रश्न पडतात त्यांना उत्तर द्यायला धर्मग्रामातला सातवीचा धर्मशिक्षण वर्ग पुरत नाही. आठवड्यातून एकदा मधल्या सुट्टीत अर्ध्या तासाचा मिस्सा, महिन्यातून एकदा दीड तासाची चर्चा, आणि वर्षातून एकदा दोन दिवसांचं चिंतन शिबिर. विषय त्यांना ठरवू द्या: विज्ञान आणि निर्मिती, आंतरधर्मीय लग्न, चर्चमधले गैरव्यवहार. १९२४ पासून चालत आलेल्या ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशनची शाखा तुमच्याकडे नसेल तर सुरू करा. तिची धाटणी सामाजिक प्रश्नांवर अभ्यास करण्याची आहे. चॅप्लिन (कॉलेजसाठी नेमलेले धर्मगुरू) म्हणून येणारे फादर आठवड्याला निदान चार तास ठरलेल्या खोलीत बसले पाहिजेत. फक्त मिस्सा लावून स्कूटरवर निघून जाणारा चॅप्लिन म्हणजे पद रिकामं आहे असं समजा.

इथवर आलेलं एकत्र पाहिलं तर कागद, प्राचार्य, अध्यापकांचा गाभा, तास, आणि कॅथलिक मुलांची वेगळी सोय, एवढं झालं. उरला पैसा, आणि ध्येयाची खरी परीक्षा तिथंच होते.

तुमच्या स्टाफरूममध्ये बघा. एका टेबलावर सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणारे अनुदानित प्राध्यापक, दुसऱ्यावर तेवढीच पात्रता असलेले तासिका तत्त्वावरचे किंवा विनाअनुदानित तुकड्यांचे सहकारी, ज्यांचा मोबदला काही ठिकाणी सत्र संपल्यावर एकदम मिळतो. चर्चनं रास्त मजुरीची शिकवण १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या पोपच्या परिपत्रकापासून मांडली आहे. ती भिंतीवर लावायची आणि मे महिन्यात या सहकाऱ्यांना शून्य रुपये द्यायचे, हे सगळ्यांना दिसतं, शिपायालाही. सगळी तफावत तुम्ही मिटवू शकणार नाही, पण तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत: मोबदला दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, लेखी करार आणि नूतनीकरणाची तारीख सत्राआधी किमान ३० दिवस, आणि आजारपणात वर्षाला निदान ठरावीक पगारी दिवस. हे क्रूसापेक्षा स्वस्त नाही. पण हे न करता क्रूस मोठा केलात तर लोक हसतील, आणि बरोबर हसतील.

दुसरीकडे विनाअनुदानित अभ्यासक्रम. बीएमएस, आयटी, मीडिया यांच्या फीवर कॉलेजचं वीजबिल निघतं, मग त्यांच्या तुकड्या वाढतात, आणि मराठी-इतिहासाच्या वर्गात गरीब मुलं बसतात म्हणून त्यांना जुनी खोली. या अभ्यासक्रमांच्या शिलकीचा एक ठरलेला हिस्सा फी सवलतीसाठी राखा. सुरुवातीला पाच टक्के, विश्वस्तांच्या ठरावानं, म्हणजे वर्षावर्षाला मनधरणी नको. सवलत धर्म बघून देऊ नका. अर्ज करणाऱ्याला वर्गासमोर उभं करू नका. निर्णय दहा दिवसांत कळवा. ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती हवी असेल तर तिचा निधी आणि खातं वेगळं. परदेशी देणगी येत असेल तर ती परकीय देणगी नियमन कायद्याच्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच, मंजूर कारणासाठीच. तिथं झालेली ढिलाई साऱ्या संस्थेला महागात पडते.

हे सांभाळणार कोण? एक ध्येय-समन्वयक नेमा, अध्यापकांमधूनच, तीन वर्षांसाठी. आठवड्याला निदान चार तासिकांची सूट, स्वतंत्र खर्चाचं शीर्षक, आणि अहवाल प्राचार्य आणि विश्वस्त दोघांना. वेळ आणि पैसा न देता नुसतं पद दिलंत तर वर्षभरात ती व्यक्ती नाताळच्या सजावटीची प्रमुख होते. नॅक (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था) संस्थेची मूल्यं आणि वेगळेपण यांची नोंद मागत आली आहे, म्हणून समन्वयकाच्या नोंदी तिथंही उपयोगी पडू शकतील. पण क्रम लक्षात ठेवा: आधी काम, मग नोंद. अहवालासाठी आखलेला उपक्रम पहिल्या वर्षानंतर मरतो.

वर्षातून एकदा, मे महिन्यात, विश्वस्तांसमोर पाच आकडे ठेवायला सांगा: पहिल्या पिढीचे विद्यार्थी किती, फी सवलत किती जणांना आणि किती रुपयांची, अल्पसंख्याक जागांपैकी भरल्या किती, पहिल्या वर्षी गळालेले विद्यार्थी किती, आणि परिचय सत्र झालेले अध्यापक किती. प्रांताधिकारी सिस्टरांना 'ठळक' म्हणजे काय ते कळवायचं असेल तर हेच पाठवा.

एक काम मात्र मे महिन्याची वाट न बघता या आठवड्यात करा. तुम्ही लिहिलंय की ऐंशी पार केलेल्या एक सिस्टर अजून कॉन्व्हेंटमध्ये राहतात आणि त्यांनी पहिल्या तुकड्यांना शिकवलंय. दुपारच्या जेवणानंतर, त्या ताज्या असतील तेव्हा, जुन्या फोटोंची पेटी घेऊन त्यांच्याजवळ बसा. सोबत एक विद्यार्थिनी न्या, फोन रेकॉर्डिंगवर ठेवा, आणि एकेका फोटोत कोण कोण आहे ते विचारत जा. नावं फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेननं लिहिलं तर काही वर्षांत शाई पुढच्या बाजूला उतरते.